मुलगा कॉम्प्युटरवर असतो

प्रिय ठोंब्या,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत, बाबांचा गुडघा सोडला तर, आणि तो तुझ्या जन्माआधीपासून कुरकुरतोय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर मला खरं बोलताच येत नाही रे. तुझा आवाज आला की मी जेवलास का, झोपलास का, केस कापलेस का सुरू करते आणि तू हो हो करत ठेवून देतोस. शिवाय आज जे सांगायचंय, त्यात मध्येच तू असू दे गं आई म्हणालास तर ते तिथेच राहील. आणि तू नक्की म्हणशील. म्हणून कागद घेतला. अक्षर लावून घे, चष्मा बदलायचा राहिलाय.

नोकरी लागली तेव्हा तू किती हरखून फोन केला होतास! पीअर मेंटॉर. माझी तर जीभच वळेना. मग तू समजावलंस की मनाच्या आजाराने बेजार झालेली तरुण पोरं तुमच्या हॉस्पिटलच्या केंद्रात येतात, त्यांच्यासोबत बसायचं, फिरायला न्यायचं, पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना दारापर्यंत सोबत करायची. मी म्हटलं, चांगलंय की. तर पुढे म्हणालास, याला नुसती डिग्री चालत नाही, स्वतः त्यातून गेलेला माणूसच लागतो. म्हणजे तुझ्या पदाचं नाव घेतलं की ते वर्षही सांगितल्यासारखंच! तू पडदे लावून भिंतीकडे तोंड करून पडायचास, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला परीक्षेचा अभ्यास चाललाय म्हणून वाटेला लावायचे, ते वर्ष. एवढं मी झाकूनपाकून ठेवलं आणि तू त्याचंच ओळखपत्र करून गळ्यात घातलंस. बाबा म्हणाले, पोरगं काही चोऱ्या करत नाही. त्यांना काय जातंय म्हणायला! कपडे शिवायला येणाऱ्या बायका प्रश्न मला विचारतात. मी आपलं सांगून टाकलं, हॉस्पिटलात असतो, कॉम्प्युटरवर.

ती थाप निस्तरावी लागली तुला. मागच्या सुट्टीत तू आलास आणि खालची पार्लरवाली धावत वर आली. तिचा बिलं करायचा कॉम्प्युटर बंद पडलेला, आणि डोक्यावरच कॉम्प्युटरवाला राहतो म्हटल्यावर ती कशाला सोडतेय. मला वाटलं, तू आता बोलणार. तू तिच्याकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे बघितलंस, आणि मुकाट्याने चपला घालून तिच्यामागे गेलास. अख्खी दुपार त्या आरशांसमोर, केस वाळवायच्या मशीनच्या गरम वाऱ्यात वायरी काढत-घालत बसलास. मी कात्रीला धार लावून आणायच्या निमित्ताने डोकावले, तर डोक्याला रंग फासलेली एक बाई तुला सूचना देत होती. मला हसूही आलं आणि तिथून पळावंसंही वाटलं. तो कॉम्प्युटर काही चालू झाला नाही. वर आलास, हात धुतलेस आणि एवढंच विचारलंस, आई, पार्लरच्या मागच्या खोलीत कोण आहे गं, मघापासून एकच गाणं परत परत लागतंय. मी म्हटलं, असेल तिची पोरगी. मला तू एका शब्दाने बोलला नाहीस. बोलला असतास तर मी भांडले तरी असते.

ती पोरगी तुला आठवत नसेल. तू शहरात गेलास तेव्हा ती दोन वेण्या घालून जिन्यात बसायची. मोठी झाल्यावर धडक्या पँटी घेऊन यायची आणि म्हणायची, काकू, गुडघ्यावर फाडून द्या ना. लोक फाटलेलं शिवायला येतात, ही बया फाडून घ्यायला! मी शिव्या देत फाडून द्यायचे. मग तिचं येणं बंद झालं. पार्लरवाली म्हणायची, जरा कणकण आहे, मग म्हणायची, मामाकडे गेलीय. गाणं तर मलाही ऐकू यायचं की. पण मी तिला कसं विचारणार? ती मला कणकण सांगायची, मी तिला कॉम्प्युटर सांगायचे, आणि दोघी वर हसायचो.

एक दिवस त्यातलीच एक पँट घेऊन पार्लरवाली आली. कमरेत आत घ्या म्हणाली, हल्ली तशी फॅशन आहे. तिने सांगितलेल्या मापावर मी टाचण्या लावल्या. मागचे दोन खिसे एकमेकांना येऊन चिकटले. एवढं आत कुणी फॅशनसाठी घेत नाही रे. तुझ्याही पँटींचे खिसे त्या वर्षी असेच चिकटले होते. तू किती उतरलायस ते तुला कळू नये म्हणून मी त्या गुपचूप आत घेऊन घडी करून ठेवायचे. मला सगळं कळलं, ठोंब्या. एका शब्दाने त्या बाईला म्हणता आलं असतं की बस, माझ्या घरातही हे होऊन गेलंय. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी घेऊन जा.

पुढच्याच आठवड्यात पोरीने जिवाचं बरंवाईट करून घ्यायला पाहिलं. वेळेवर कळलं, म्हणून वाचली. रुग्णवाहिका गेली तेव्हा मी गॅलरीत उभी होते, हातात तुझाच शर्ट होता, आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की सांगता येत नाही.

गेल्या रविवारी पार्लरवाली वर आली आणि उसवलेल्या कपड्यांच्या ढिगावरच बसून रडली. डॉक्टरांनी पुढे तुमच्याच केंद्रात पाठवलंय, पण पोरगी जायला तयार नाही. दोन तारखा हुकल्या. दाराची कडी काढून टाकली तर आतून टेबल लावून बसते. म्हणते, तिथेही मला सगळे समजावतच बसणार. आणि मग ती बाई मला काय म्हणाली माहितीये? तुमचा मुलगा तिथेच कॉम्प्युटरवर आहे ना, जरा जवळची तारीख लावून देईल का हो? तिच्यापुढे मला मान वर करता येईना. मी म्हटलं, तो कॉम्प्युटरवर नाही. मग काय आहे ते सांगितलं. ती रागावली नाही. रागावायला हवी होती.

मग मी खाली गेले. पार्लरमधलं एक स्टूल उचललं आणि त्या दारासमोर मांडून बसले. तू मला बजावलं होतंस की माझी गोष्ट कुणाला, किती सांगायची ते मी ठरवणार, तुमच्या कामाचा तो नियमच आहे. तू सांगायला तयार होतास तेव्हा मी लपवली, आणि तुला न विचारता त्या लाकडी दाराला सगळी सांगून टाकली. पडदे, भिंत, आत घेतलेल्या पँटी, तू आंघोळीला गेलास की मी बाहेर कान लावून उभी असायचे तेही. हे शेवटचं तुलाही माहीत नसेल. त्याबद्दल तुला जे बोलायचंय ते बोल, मी ऐकून घेईन.

आतलं गाणं बंद झालं. मग तिने विचारलं, काकू, तुम्हाला त्याची लाज वाटायची का? छे गं, असं कुठे असतं का, हे माझ्या ओठांवर तयारच होतं. आयुष्यभर तेच तर बोलत आलेय. पण मी हो म्हटलं. वाटायची, म्हटलं, अगदी आजपर्यंत वाटत होती. आणि टेबल सरकल्याचा आवाज आला. दारात उभी राहून म्हणाली, माझी आई नाही म्हणते, पण तिलाही वाटते. पार्लरवाली माझ्या मागेच उभी होती. तिने नाही म्हटलं नाही.

गुरुवारी ती येतेय. नुसतं तुला भेटायला, डॉक्टरचं नंतर बघू म्हणते. मी दोघींसोबत येतेय, तुमच्या बाहेरच्या खुर्च्यांवर बसेन. तुला समोर यावंसं नाही वाटलं तर नको येऊस, मला राग येणार नाही. पण ती पोरगी तोंडाची फटकळ आहे, बसल्या बसल्या तुला सांगेल की तुमच्या आईला तुमची लाज वाटायची. हे तुला तिच्याकडून कळू नये. म्हणून हे पत्र. तुला ते केव्हाच माहीत होतं, त्या दुपारी वायरी काढत बसलास तेव्हाही माहीत होतं, पण मी कधी म्हटलं नव्हतं. मला तुझी लाज वाटायची, ठोंब्या. गुरुवारी काउंटरवर मला विचारतील, तुम्ही कुणाच्या कोण, तेव्हा मी तुझं नाव घेऊन मोठ्याने सांगणार आहे.

तुझीच,
आई