परत येण्याचं कलम

अण्णा, मी फिरायला चाललेय. दचकू नका. बरंच लांब चाललेय, क्रीट नावाच्या बेटावर, ग्रीसच्या खाली समुद्रात आहे ते. ऑफिसातली मैत्रीण, माझ्याबरोबरच रिटायर झालेली, ती म्हणाली चल, आणि मी हो म्हणून बसले. तिचं म्हणणं, तिथे वांगी, टोमॅटो, चीज, ब्रेड सगळं मिळतं, तुझ्यासारख्या शाकाहारी बाईचं पोट भरेल. ऊन आहे, समुद्र आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे आपल्याला कोणी हाक मारणार नाही. बहुतेक हे शेवटचं ऐकूनच मी हो म्हटलं. तिकिटं झाली, हॉटेल झालं, अडलंय ते विम्यापाशी. प्रवासाचा विमा घेतल्याशिवाय व्हिसाच देत नाहीत, आणि कुठला घ्यायचा हे ठरवता ठरवता माझा पार पिट्टा पडलाय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण असलं काही ठरवायचं म्हटलं की अजून तुमच्याकडेच तोंड वळतं. सवय, दुसरं काय.

इथे बंगळूरला, राजाजीनगरच्या आपल्या त्याच घरात, जेवणाच्या टेबलावर मी हे सगळे कागद पसरून बसते. बॅग हरवली तर इतके मिळतील, विमान चुकलं तर तितके, दाढ दुखली तर, पाय मोडला तर, हॉटेलातली काच आपल्या हातून फुटली तर. बसून बसून लोकांनी काय काय संकटं शोधून काढलीत! मला यातल्या एकाचीही भीती नाही. मला भीती आहे ती आईची. तिचं हृदय आता थकलंय, अण्णा. पाय सुजतात, न्हाणीघरापर्यंत गेली तरी मध्ये भिंतीला टेकून उभी राहते. तिचं सगळं मी करते. दादा पुण्याहून येऊन जाऊन असतो, म्हणजे येतो कमी आणि जातो लवकर. दिवसा आनेकलहून एक बाई येते, तिला आम्ही अक्का म्हणतो. मी नसेन तेवढे दिवस ती रात्रीचीही राहणार आहे. ती सोय झाली. पण मी तिकडे असताना आईला काही झालं तर? मी परत यायचं का, येता येईल का, कसं? विमावाल्यांकडे याचंही एक कलम असतं, मध्येच परत येण्याचं. गेले कित्येक दिवस मी त्या एका कलमापाशी घुटमळतेय.

तुमच्या काळी असं कलम असतं तर तुम्ही डोळे मिटून घेतलं असतं, असं मला आधी वाटलं. मग वाटलं, कशाला? तुमचं तर निघायच्या आधीच परत येणं असायचं. फॅक्टरीकडून प्रवासाची रजा मिळायची, तुम्ही हौसेने तिकिटं काढायचात, आणि होल्डॉल खाली आला रे आला की आत्याला धाप लागायची. तुमची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आपल्याकडे आलेली, तिला टाकून कसं जाणार? कन्याकुमारीच्या वेळचं तर मला काल घडल्यासारखं आठवतं. आईने दुधातल्या दशम्या करून फडक्यात बांधल्यात, शेंगदाण्याची चटणी डब्यात भरलीये. आत्या खाटेवर उठून बसलीये, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली. तुम्ही तिच्याकडे बघता, घड्याळाकडे बघता, आणि मला म्हणता, चल गं, चप्पल घाल. स्टेशनवर तिकिटं परत करायची रांग असते. पैसे खिशात टाकल्यावर मला वाटतं आता घरी, पण तुम्ही मला फलाटावर नेता. आपली गाडी उभीच असते. आपण बाकावर बसतो. मी म्हणते, अण्णा, चला ना. तुम्ही म्हणता, स्वल्प बस, थोडा वेळ. गाडी सुटते, शेवटचा डबाही जातो, मग तुम्ही उठता आणि पँट झटकता. घरी आई त्या दशम्या ताटात वाढते. आत्या तीन खाते आणि वर आणखी चटणी मागते.

तुमच्यानंतरही कितीतरी वर्षं जगली की हो ती! तुम्ही रिटायर झालात आणि वर्षभरात गेलात. कन्याकुमारी राहिली ती राहिलीच.

तर सांगत होते काय, गेल्या महिन्यात मी माळ्यावरून बॅग काढली आणि दोनच दिवसांत आईला धाप लागली. ॲम्ब्युलन्सची वाट बघत होते तेव्हा मला आधी भीती वाटली नाही, आधी राग आला. म्हटलं, झालं, सुरू झालं. मग तिचे ओठ निळसर दिसले आणि मी घाबरले. हॉस्पिटलात फुप्फुसातलं पाणी उतरवलं, औषधं बदलली, घरी पाठवलं. डॉक्टर चांगले आहेत, थापा मारत नाहीत. मी विचारलं, जाऊ का? ते म्हणाले, "हे बघा, तुम्ही राहिलात म्हणून त्या जास्त जगतील असं नाही, आणि गेलात म्हणून कमी जगतील असंही नाही. मी एवढंच सांगू शकतो." यावर माणसाने काय करायचं, सांगा.

त्यानंतर मी विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. मेथी निवडत होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवलेला. पलीकडे एक तरुण मुलगा, हिंदीत सुरुवात करून माझं कन्नड ऐकल्यावर कन्नडवर आला. मॅडम, साहसी खेळ काही करणार का, समुद्रात बुड्या वगैरे? मी म्हटलं, अरे बाबा, मला गुडघे आहेत. हसला बिचारा. मग म्हणाला, घरचं कोणी सीरियस झालं तर मध्येच परत यायचा खर्च मिळतो. नवरा, मुलं, आईवडील. मी म्हटलं, आईच आहे फक्त. वय विचारलं, सांगितलं. आधीपासून काही आजार? हृदयाचा, गेल्याच महिन्यात ॲडमिट होती.

"मग मॅडम, आईंच्या बाबतीत ते लागू होणार नाही. म्हणजे त्यांना ॲक्सिडेंट वगैरे झाला तर होईल."

खाटेवरून आईचा आवाज आला, "विचार त्याला, बसखाली गेले तर चालेल का!"

"कोण बोलतंय, मॅडम?"

"ज्यांना लागू होत नाही, त्या," मी म्हटलं.

त्याने दहादा सॉरी म्हटलं. मग सांगितलं की एक मोठी पॉलिसी आहे, तिच्यात जुना आजारही धरतात, फक्त तब्येत सध्या स्थिर आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. आणि जाता जाता म्हणाला, तुम्हालाच काही झालं, होऊ नये, पण झालं तर बॉडी घरी आणायचा खर्च सगळ्याच पॉलिसींमध्ये आहे, काळजी करू नका. म्हणजे बघा, मी मेले तर मला हे लोक फुकट घरी पोचवणार, आणि आई मेली तर मी जिवंत असून माझं मी बघायचं. मी हसत सुटले, आईही हसली आणि तिला खोकला आला. पाणी दिलं, पाठ चोळली.

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "ती मोठी घेऊ नकोस."

"का? डॉक्टर देतील लिहून."

"मी बरी असले तर तुला मध्येच यायचं कारण नाही. मेले तर येऊन काय करणार आहेस? तोंड बघणार? रोज बघतेस की." मग म्हणाली, "किती वेळा दशम्या केल्या मी. दर वेळी वाटायचं, या खेपेला गाडीत बसून खाऊ. तुझे अण्णा फार भले होते गं. पण भल्या माणसाबरोबर संसार करताना बाई दमून जाते."

चिडून म्हणाली नाही ती, अण्णा. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाली. मला तुमचा पुळका आला, तोंडही उघडलं होतं तुमची बाजू घ्यायला, पण मग मिटलं. कारण गेली काही वर्षं मीही तुमच्यासारखीच भली आहे, आणि ते किती दमवतं हे मला चांगलं ठाऊक आहे. सकाळी उठल्यावर आधी तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहून श्वास ऐकायचा, मग चहा ठेवायचा. माझं आईवर प्रेम आहे. पण या दारात उभं राहण्याचा मला वीट आलाय. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असलं की माणूस आतून शिणतो.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, मोठीच घे, पैसे मी भरतो. मी म्हटलं, पैसे नकोत, तूच ये तेवढे दिवस. "अगं, इथे माझी किती धावपळ चाललीये तुला माहीत नाही. पण काही झालंच तर तू पोचशील ना?" अण्णा, पुण्याहून जेवण करून विमानाने निघालं तर माणूस चहाला बंगळूरला पोचतो. मी ग्रीसहून येणार आणि हा पुण्यात बसून मला विचारणार, पोचशील ना! मी हं म्हटलं आणि फोन ठेवला. भांडायलाही अंगात जोर लागतो.

डॉक्टरांनी पत्र द्यायचं कबूल केलं, म्हणजे मोठी पॉलिसी न घ्यायला तशी सबबच उरली नव्हती. आज सकाळी लॅपटॉप उघडला आणि साधी घेतली, परत येण्याचं कलम आईला लागू न होणारी. दादाला कळवलं, विमा झाला. कुठला, ते त्याने विचारलं नाही.

मग स्वयंपाकघरात गेले. अक्का नाचणीच्या उकडीचे गोळे, मुद्दे, वळत होती. तिला मी हळू आवाजात, कन्नडमध्ये, जणू आईला कन्नड येतच नाही असं, सांगितलं, "मी तिकडे असताना काही झालं तर दादाला फोन कर. मला करू नको. मी आल्यावर सांग."

अक्काचे हात थांबले. "म्हणजे, अगदी तसलं काही झालं तरी?"

"तसलं झालं तरी. बाकीचं दादा करेल."

मला वाटलं आता ही मला काहीतरी बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं कोणीतरी. तेवढ्यात आतल्या खोलीतून आई कन्नडमध्येच म्हणाली, "सरी."

ठीक आहे, एवढंच. अक्काने मान खाली घालून पुन्हा मुद्दे वळायला घेतले. मला रडू यायला हवं होतं, अण्णा. नाही आलं. मला बरं वाटलं, किती दिवसांनी इतकं बरं वाटलं. हे पत्र टाकायला जागा नाही म्हणूनच लिहू शकले. जिवंत माणसांपैकी कोणाला हे सांगायची माझ्यात हिंमत नाही. आणि खरं सांगू का, तुम्ही असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं.