जाड तारेचा सिद्धांत

३ मार्च, सकाळी १०.२०
लाईट आली, शेतातल्या पाण्याच्या अकरा मोटारी एकदम सुरू झाल्या, डीपीचा, म्हणजे आमच्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज गेला. सलग तिसरा दिवस! प्रत्येकाच्या मोटारीला ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. सीमा म्हणते, सगळ्यांनी ऑटो काढा, पाळ्या लावा. बायकोला विज्ञानाची बैठक नाही, म्हणून उपायही साधेच सुचतात. मी एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. आजपासून डीपी माझ्या देखरेखीखाली.

डाळिंब फुलात आहे. आठ दिवस पाणी चुकलं तर बहार गेला. धाकधूक आहे, पण दाखवायची नाही.

५ मार्च
शेतशेजारी आसारामच्या ओट्यावर डीपी समजावून दिली. मध्ये लोखंडी गाभा. एकीकडे बारीक तारेचे भरपूर वेढे, तिथे अकरा हजार व्होल्ट. दुसरीकडे जाड तारेचे थोडेच वेढे, तिथून आपली लाईट. दोन्ही वेढे एकमेकांना शिवत नाहीत, मधलं काम चुंबकत्व करतं. आसाराम म्हणाला, सर, शिवत न्हाई तर जळती कशी? उत्तम प्रश्न. उद्या सांगतो म्हणालो.

६ मार्च
उत्तर: लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज. मोटारी बंद असल्या तरी लाईट आहे तोवर गाभा तापतोच. डीपी गुणगुणते ती त्यामुळेच. तारांचा लॉस मात्र लोडबरोबर वाढतो. करंट दुप्पट, उष्णता चौपट. तेल ती उष्णता बाहेर काढतं. सीमानं विचारलं, मग अकरा मोटारी एकदम नकोत ना? विषय बदलला.

८ मार्च
फ्यूज गेला. मीटिंग घेतली. ऑटो काढायला सगळे तयार, पण आधी शेजाऱ्यानं काढायचा. काय माणसं आहेत! आदर्श म्हणून माझा मी काढणारच होतो. पण आज बागेला पाणी होतं. उद्या नक्की.

९ मार्च, दुपारी २
सापडलं! फ्यूजची तार बारीक. बारीक तारेत रोध जास्त, रोध जास्त म्हणजे लॉस जास्त. म्हणजे खरा लॉस फ्यूजमध्येच! जाड तार टाकली की मिटलं. वायरमन प्रशांतला फोन केला. माझाच विद्यार्थी, नववीला विज्ञानात काठावर पास. म्हणाला, सर, फ्यूज जळतो म्हणून डीपी वाचते, हात लावू नका. अजून काठावरच आहे पोरगा.

१० मार्च
श्रीरामपूरहून जाड तार आणली. लाईट नसताना तिन्ही फ्यूजना बसवली. ग्रुपवर फोटो टाकला, ‘लॉस संपला’. सतरा अंगठे आले. ऑटो काढायची गरज उरली नाही.

११ मार्च, १०.२०
अकराच्या अकरा मोटारी सुरू. फ्यूज शाबूत! सीमा म्हणाली, डीपी लई वाजतीय, मोटार बंद करा. कार्यक्षमता वाढली की आवाज येणारच.

११.०५
जळकट वास येतोय. आसारामनं बांध पेटवला असेल.

११.१०
आवाज थांबला. सगळ्याच मोटारींचा.

११ मार्च, संध्याकाळ
डीपी जळाली. प्रशांतनं पेटी उघडली, जाड तारा काढल्या आणि कुणी टाकल्या म्हणून विचारलं. आसारामनं मोबाईल पुढे केला. फोटोत मी हसतोय. प्रशांत नुसतं ‘सर...’ म्हणाला. नवी डीपी बारा दिवसांनी.

१८ मार्च
फुलं गळतायत. सीमा सकाळपासून टाकीतलं पाणी बादलीनं एकेका झाडाला घालतेय. नोंद असावी म्हणून मी गळलेली फुलं मोजायला बसलो. चारशे बारापर्यंत आलो. सीमा म्हणाली, मोजू नका, पानी घाला. बादली उचलली. तिसऱ्या झाडापाशी पाय घसरला, सगळं पाणी बांधावर. तिनं बादली हातातून घेतली. म्हणाली, तुमी घरी जावा. ओरडली नाही. ओरडली असती तर माझ्याकडे उत्तर होतं.