पदरावर उमटलेला गाल

अन् फोन आपटल्यानं तुमचं म्हणणं खरं होत नाही, मामा. तेलकट तोंडाले क्रीम लावणं म्हणजे पुराच्या नाल्यात घागर रिकामी करणं, असं तुम्ही म्हणले अन् सलूनातले सारे खो खो हसले, ते मले इथं धरमपेठेत ऐकू आलं. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून वस्तरा चालवता, मंग खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूसही मले सल्ला देते. काल तं कोणीतरी म्हणे, त्याले म्हणा तोंडाले राखड लाव. म्हणून हे कागदावर लिहून राहिलो. कागदाले स्पीकर नसते. (शुद्धलेखन पाहू नका. सातवीत मी शाळा सोडली का शाळेनं मले सोडलं, हे अजून ठरलं नाही.)

रीत सोडायची नाही म्हणून आता नीट लिहितो. तीर्थरूप देवाजीमामाले भाचा प्रीतमचा साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? प्रेमिलामामीचा गुडघा कसा आहे? सलूनातली नवीन खुर्ची वर जाते ते आता खाली येते का, की अजून गिऱ्हाइकाले उडी मारा म्हणून सांगता? आईले भेटत जा. इकडे मी खुशाल आहे, तोंड सोडून.

आधी कामाचं सांगतो, कारण तुम्ही साऱ्या गावात करून ठेवलं की प्रीतम नागपुरात साड्या नेसून राहिला. नेसून राहिलो हे खरं आहे, पण तुम्ही सांगता तसं नाही. दुकानात पांढऱ्या चादरीची लांब गादी आहे. समोर बाया बसतात, अन् गादीवर आमच्यातला एक जण पँटवर पट्टा बांधून त्यात निऱ्या खोचते, पदर खांद्यावर टाकते अन् उभा राहते. बाईनं त्याच्याकडे पाहाचं अन् मनात स्वतःले पाहाचं. (मिशी वजा करून.) हे काम शेठ ज्याले त्याले देत नाही. रुपरावभाऊ वीस वर्षं हेच करून राहिले, पण त्यांचं पोट आता निऱ्यांच्या पुढे निघालं, म्हणून शेठनं मले उभं करून पाहिलं. तुम्हाले माहीत आहे, माझे पाय एका जागी ठरत नाहीत. कन्हानच्या कोळशाच्या वजनकाट्यावरून मी निघालो, सदरच्या टायरच्या दुकानातून जेवाच्या सुटीत गेलो तो आलोच नाही. पण या गादीवर मन लागलं, मामा. रोज नवीन कोडं समोर येऊन बसते. बाई पिवळी मागते अन् निळी घेऊन जाते, काहून? नवरा आधी किमतीची चिठ्ठी पाहते अन् मंग म्हणते रंग बरोबर नाही, हे तं समजते. पण चिठ्ठी न पाहता रंग बरोबर नाही म्हणणारा नवरा कोण असन? दिवस कसा जाते कळत नाही. असं काम मले याआधी सापडलं नव्हतं अन् ते जाऊ देण्याचा माझा विचार नाही, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

झालं असं. राखीपौर्णिमा आटोपली अन् एक बाई मोतिया रंगाची रेशमी साडी पाहून राहिली होती. म्हणे, डोक्यावरून पदर कसा दिसते ते दाखव. मी घेतला. मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, जशी नवी नवरी ओट्यावर फिरवते. पदर खाली घेतला तं त्यावर माझा गाल उमटलेला. भजे तळून पेपरावर ठेवले की पेपर कसा पारदर्शक होते, तसा. बाईनं त्यातून पलीकडचं पाहिलं. शेठनं ते पाहिलं. मी काही पाहिलं नाही असं केलं. संध्याकाळी शेठनं सांगतलं, गणपतीतल्या महालक्ष्म्याच्या गर्दीच्या आत तोंडाची सोय कर, नाही तं माळ्यावर जाऊन घड्या घाल. माळ्यावर खिडकी नाही, मामा. तिथं गठ्ठे आहेत, एक बल्ब आहे अन् एक पाल आहे. तिथं मी आठ दिवस टिकणार नाही, हे शेठलेही माहीत आहे अन् तुम्हालेही.

तेव्हा मी तुम्हाले फोन केला, अन् तुम्ही म्हणले तुरटी. म्हणून तुरटीपासून सुरू केलं. सकाळी साबण, मंग तुरटी, दुपारी साबण, मंग तुरटी. पहिल्या दिवशी तोंड असं ताणलं की हसलो तं कान मागे जात. रुपरावभाऊ म्हणे, आज काहून एवढा खूश दिसून राहिला? अन् दुपार झाली की तेल डबल. आता मले हे समजून घ्याचं होतं. जेवढं धुवावं तेवढं जास्त कसं येते? विहिरीचा उपसा वाढला की झरा वाढते म्हणतात, तसं असन का? याचं उत्तर तुमच्या सलूनात कोणापाशी नव्हतं. (तिथं उत्तरं भरपूर असतात, पण या प्रश्नाचं नव्हतं.)

मंग पावडर लावली. हवा अशी दमट की कूलर लावला तं खोलीत ढग येते. उन्हाळ्यात ज्या कूलरच्या पाया पडतो तोच पावसाळ्यात अंगावर ओलं पोतं टाकते. त्या हवेत पावडरीचे गोळे झाले, अन् शेठनं मुद्दाम मले काळी चंद्रकळा नेसवली. पदरावर पांढरा गाल. आधीचा गाल निदान पारदर्शक होता.

त्यानंतर एक डबी आणली, तिच्यावर संत्र्याचं चित्र होतं. म्हटलं, संत्रं आपल्याच नागपूरचं, घरचं फळ दगा देणार नाही. ती निघाली थंडीतली क्रीम, लोण्यासारखी जाड. ती लावून मी दुकानात आलो तेव्हा सिंधूताई, ज्या दाराजवळ मशीनवर साडीले फॉल-पिको करतात, त्या म्हणाल्या, बाबू, कोणी ओवाळलं का तुले, चेहऱ्यावर निरांजनाचा उजेड पडून राहिला.

शेवटी चौकातल्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोरीले सारं सांगतलं, गालाच्या डागासकट. ती हसली नाही, हे मी तुमच्या सलूनातल्या लोकांसाठी मुद्दाम लिहून राहिलो. ती म्हणे, तेल अन् पाणी या दोन गोष्टी आहेत. वर तेल दिसते म्हणजे खाली पाणी आहे असं नाही. मामा, माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तर्री! पोह्यावरच्या रश्श्याले वर लाल तर्री येते, म्हणून खाली रस्सा असतेच असं नाही. कंजूष ठेलेवाला नुसती तर्रीच देते. माझ्या तोंडावर नुसती तर्री होती. अन् मी तुरटी घासून घासून रस्साही उडवत होतो. म्हणून तेलकट तोंडालेही मॉइश्चरायझर पाहिजे, पण कोणतं हाच तं प्रश्न. ती म्हणे, दिवसा लावाचं आहे तं हलकं घ्या, पाण्यासारखं, जेलसारखं, ज्याच्यात तेल नाही अन् जे कातडीची बारीक भोकं बुजवत नाही. मी विचारलं, कपड्याले लागते का? ती म्हणे, हे आजवर कोणी विचारलं नाही.

मंग ते मलेच शोधणं भाग होतं. सिंधूताईकडून मोतिया रेशमाच्या कातरणी घेतल्या. मेडिकलातून छोट्या छोट्या पुड्या आणल्या, नमुन्याच्या. एक लावाची, थांबाचं, गालावर कातरण दाबाची, ट्यूबलाइटसमोर धराची. पहिल्या दिवशी साऱ्याच पास! मी आनंदानं नाचलो. मंग ध्यानात आलं, शेठनं एसी सुरू केला होता. गिऱ्हाईक गेलं की शेठ एसी बंद करते, अन् बंद झाल्यावर पाच मिनिटात साऱ्या नापास. एसीत तं कोणतंही क्रीम गुणी असते. खरं क्रीम ते, जे एसी बंद झाल्यावरही ओळख दाखवते. म्हणून परीक्षा दुकानामागच्या जिन्याखाली घेतली, जिथं हवा कालपासून तिथंच उभी असते. वेळ वाचावा म्हणून डाव्या गालाले एक, उजव्या गालाले दुसरं असं करून गादीवर चढलो. दुपारी डावा गाल चकाकून राहिला अन् उजवा सुकलेल्या भाकरीसारखा. रुपरावभाऊ म्हणे, प्रीतम्या, तुले आता दोन पगार द्या लागतीन. एकीत वास असा की गिऱ्हाईक बाई मलेच विचारे, हा अत्तराचा वास साडीले आहे का? अन् एक उन्हापासून वाचवणारं होतं, त्यानं तोंड चुना लावल्यासारखं झालं. ते वाईट नाही, पण मले ऊन कुठं लागते? घर ते दुकान, तेही सिटीबसमध्ये उभ्यानं, दुसऱ्याच्या काखेखाली सावलीत.

शेवटी एक जेल सापडलं. दिसाले काहीच नाही, पाण्याचा थेंब जरा विचार करून राहिला असन एवढंच. वाटाण्याएवढं घ्याचं, तोंड धुतल्यावर जरासं ओलं असतानाच लावाचं, अन् पदराले हात लावाच्या आधी थांबाचं. (मी चहा पिण्याएवढा थांबतो. चहाचा कप गालाजवळ नेत नाही.) साबण दिवसातून दोनदाच. जिन्याखाली, एसी नाही, पंखा नाही, कातरण दाबली. कोरी.

आता ऐका. महालक्ष्म्याच्या गर्दीचा पहिलाच दिवस अन् जिजाबाई नावाच्या एक जुन्या गिऱ्हाईक आल्या, सून मेघाले घेऊन. शेठ गल्ल्यावरून उठून उभा राहिला, एवढ्या त्या मोठ्या. हिरव्या रंगाच्या, पिवळ्या काठाच्या, अगदी सारख्या दोन साड्या पाहिजेत म्हणे. मी सकाळपासून जेल लावून तयार. त्यांनी दाखव म्हणाच्या आत मी एक साडी नेसली, निऱ्या खोचल्या, डोक्यावरून पदर घेतला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, गाल मुद्दाम दाबला, पदर उतरवून उजेडात धरला. डाग नाही! मी शेठकडे पाहून राहिलो अन् शेठ डोक्याले हात लावून.

जिजाबाई म्हणाल्या, अरे पोट्ट्या, त्या महालक्ष्म्याच्या साड्या आहेत. दोन सारख्या कोणासाठी घेतात, भादव्यात? आता महालक्ष्मी माय काय तुह्या अंगावरून उतरलेली साडी नेसून बसन?

मामा, आईनं आपल्या घरी एवढी वर्षं महालक्ष्म्या बसवल्या, दोघींले सारख्या साड्या कोऱ्या घडीच्या आणल्या, मीच पिशवी धरून राहत होतो, अन् ऐन वेळी माझ्या डोक्यात गालाशिवाय काही नव्हतं. सिंधूताईंनी मशीन थांबवली. मी तिथंच हिरव्या साडीत उभा, ना उतरवता येते, ना ठेवता येते. मले तो माळ्यावरचा बल्ब दिसून राहिला.

तेवढ्यात सून मेघा पुढं आली. तिनं पदर हातात घेतला, दारापाशी नेला, उलटा-सुलटा पाहिला, वास घेतला अन् म्हणे, आई, ही मी घेते, माझ्यासाठी.

जिजाबाई म्हणाल्या, बाप्या माणसानं नेसलेली घेशीन तू?

तं मेघा म्हणे, मंग इथून नेलेली कोणती साडी यानं किंवा त्या रुपरावभाऊनं आधी नेसली नाही, ते सांगा.

जिजाबाई बोटं मोजाले लागल्या. मले वाटते, त्या कपाटातल्या वीस वर्षांच्या साड्या एक एक करून आठवून राहिल्या होत्या. मधेच त्यांनी रुपरावभाऊकडे असं पाहिलं की ते बिचारे गठ्ठ्यामागे झाले. मंग दोन साड्या बंद गठ्ठ्यातून, घडी न मोडता, शेठनं स्वतः दोन्ही हातांनी दिल्या. एकूण तीन गेल्या. संध्याकाळी शेठ मले म्हणे, तोंड पास, डोकं नापास. पण गादीवरून उतर असं म्हटलं नाही.

म्हणून मामा, तुमची तुरटी दाढीपुरती ठेवा. तेलकट तोंडाले मॉइश्चरायझर लागते, हे मी रेशमावर पाहून सांगून राहिलो. हा विषय माझ्याकडून मिटला, अन् यापुढं यावर मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. मोठ्यांले नमस्कार, लहानांले आशीर्वाद, खुर्चीतल्या अर्ध्या दाढीवाल्याले काही नाही.

तुमचा भाचा,
प्रीतम

ता. क. मामीले सांगा, त्यांनी हेच घेऊ नये. त्यांचे गाल कोरडे आहेत, त्यांच्यासाठी ती संत्र्याची डबी पाठवून राहिलो. एकदाच उघडली आहे.

ता. क. दुसरा. खरं सांगाचं तं नाकावर एक मोठी पुळी आली आहे. जेलमुळे का तुरटीमुळे का तर्रीमुळे, तपास सुरू आहे. नाक पदराले लागत नाही म्हणून शेठले कळलं नाही. दाढी करताना कापलं तं मी तुरटीच लावतो, पण हे सलूनात सांगू नका.

ता. क. तिसरा, अन् हा मामीसमोर वाचू नका. शेठ मले दिवाळीपासून गादीवर पक्का कराले तयार आहे. पण त्याले कन्हानचं अन् टायरच्या दुकानाचं कुठून तरी समजलं. तो म्हणते, घरचं एखादं मोठं माणूस येऊन माझ्यासमोर बसू दे अन् सांगू दे की हा पळणार नाही. फोनवर नाही, समोर. आईले इकडलं उमगत नाही, ती शेठच्या पायाच पडन. तुम्ही या, मामा. माझ्या तोंडाबद्दल काय म्हणाचं ते म्हणा, शेठसमोर म्हणा, जिजाबाई आल्या तं त्यांच्यासमोर म्हणा, मी उलट बोलणार नाही. फक्त एवढं सांगा की यावेळी हा टिकन. खोटं सांगा असं मी म्हणत नाही. गादी पाहा, मंग सांगा. आपल्या गावचा ऋषिकेश सुटीवर गावाकडे जाऊन राहिला, त्याच्या हाती हे पत्र अन् एकाच बाजूचं एसटी भाडं देतो. परतीचं, शेठनं हो म्हटलं की, मी स्वतः स्टँडवर तिकीट काढून देईन. पत्रासोबत रुपये चारशे पस्तीस, मोजून घ्या.