मासे यायला आठ आठवडे

प्रिय ठकू,

जुन्या नावाने हाक मारली म्हणून रागावू नकोस. दुसरं काहीही लिहिलं की पत्र वकिलाकडून आल्यासारखं वाटत होतं. फोनवर आपण हल्ली दोनच गोष्टी बोलतो, चिंगीला किती वाजता सोडायचं आणि तिचं काय मागे राहिलं. त्यात हे मावलं नसतं.

तुझं शिवणयंत्र होतं त्या खिडकीपाशी आता तीन फुटी काचेची टाकी आहे. चिंगीने वाढदिवसाला दुसरं काही मागितलंच नाही. मी म्हटलं, दोन सोनेरी मासे आणू, सोडू पाण्यात, झालं. तर बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, समुद्राची टाकी. प्रवाळ असतात ती." वाचनालयातलं पुस्तक तिने इतक्यांदा वाचलंय की त्याची पानं सुटी झालीत. मग मीठ कालवून पाणी तयार केलं, पंप लावून आठवडाभर फिरत ठेवलं आणि गेल्या शनिवारी आम्ही दोघं दगड आणि वाळू आणायला गेलो. दगडासाठी दुकानात जावं लागतं हे मला या वयात कळलं.

दुकानदारीणबाई जाडजूड, कोपरापर्यंत ओल्या, आणि बोलायला शाळेतल्या बाईंसारख्या. मोठ्या टबात दगड बुडवून ठेवलेले. मी विचारलं, याला जिवंत दगड का म्हणतात? बाईंनी माझ्याऐवजी चिंगीकडे पाहिलं आणि आपल्या लेकीने धडाधड सांगितलं. दगड स्वतः जिवंत नसतो, त्याच्या भोकाभोकांतून हजारो बारीक जीव राहतात, आणि माशांच्या घाणीतलं विष तेच खाऊन टाकतात. ते नसतील तर मासे दोन दिवसांत मरतात. मला एक मोठा, कमानीसारखा, देखणा दगड आवडला होता. तिने तो उचलून पाहिला आणि परत ठेवला. म्हणाली, "जड आहे. म्हणजे आतून भरीव. यात राहणार कोण?" मग हलके, चाळणीसारखे पाच तुकडे निवडले, प्रत्येकाचा वास घेऊन. समुद्राचा वास आला तर घ्यायचा, सडक्या अंड्याचा आला तर नाही. वाळूतही माझं काही चाललं नाही. मला पिठासारखी पांढरीशुभ्र हवी होती. ती पंपाच्या झोताने उडते म्हणून तिने साखरेएवढ्या दाण्याची घेतली आणि वर पसरायला बाईंच्या जुन्या टाकीतली, जीव असलेली दोन वाट्या वाळू मागून घेतली. ठकू, ती ओणवी होऊन दगड निरखत होती तेव्हा हुबेहूब तू दिसत होतीस, लॅबमध्ये नळीतलं पाणी उजेडाला धरून बघणारी.

निघताना बाई म्हणाल्या, आता धीर धरायचा, सहा ते आठ आठवडे एकही मासा सोडायचा नाही. मी मनात हिशेब केला. तुझ्या नव्या नोकरीच्या गावी तुमचं निघायचं पाच आठवड्यांवर आलंय. तारीख चिंगीलाही पाठ आहे, तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली मी पाहिली आहे. मी काहीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "चालेल. आम्हाला घाई नाहीये." आणि मी तिच्याकडे न बघता म्हटलं, हो, चालेल.

तिने आधी दगड काचेवर पक्के बसवले, मग भोवती वाळू घातली, म्हणजे खालची वाळू सरकून दगड ढासळत नाहीत. रविवारी संध्याकाळी तुझ्याकडे सोडलं. सोमवारी मी माझ्या दुकानातून घरी आलो तर पाणी गढूळ, दगडांवर तपकिरी बुरशीसारखं काही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारा माणूस मी, डाग दिसला की हात शिवशिवतात. पाचही दगड बाहेर काढले आणि मोरीत नळाखाली ब्रशने घासघासून लख्ख केले. वर स्वतःवर खूश होतो. मंगळवारी घरभर घाण वास. दुकानदारीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, गोड्या पाण्याने, त्यात नळाच्या, तुम्ही सगळं मारून टाकलंत." तू पाणी तपासणारी, तुला आधी विचारलं असतं तर तू एका वाक्यात सांगितलं असतंस. पण आता तुला कुठल्या तोंडाने विचारायचं, हे मला अजून ठरवता येत नाही.

काल बुधवारी तिला शाळेतून आणलं. वाटभर वाक्यं जुळवत होतो, एकही नीट जुळलं नाही. ती दारातच थबकली, वास घेतला, नळीत टाकीतलं पाणी भरून विष तपासायचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं ते गडद हिरवं झालं. मी सांगून टाकलं, माझ्याकडून झालं. वाटलं, रडेल, ओरडेल, मला हवंच होतं ते. ती रडली नाही. नळी ठेवून म्हणाली, "म्हणजे परत पहिल्यापासून. आजपासून आठ आठवडे तरी." आणि ठकू, तिचा चेहरा उजळला. मी पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, "बाबा, मासे आल्याशिवाय मी टाकी सोडून कशी जाणार ना?"

मी अर्धं पाणी बदलायला घेतलं, तेवढंच हाताशी होतं. ती नळी धरून उभी राहिली. बादली भरत आली तेव्हा म्हणाली, "आईला सांगू नकोस. तिला ती नोकरी खूप हवी होती." मी शब्द दिला. तो आज मोडतोय.

तू थांब असं मी म्हणत नाही. तिला तू घेऊन जावंस या कागदावर सही मीच केली, शुद्धीवर असताना केली. तिला माझ्याकडे ठेव असंही म्हणत नाही. इथे झोपताना ती तुझा जुना कोट उशाशी घेते आणि मला कळू नये म्हणून सकाळी घडी घालून कपाटात ठेवते. तिला तू सोडवत नाहीस आणि मीही. यावर काय करायचं असतं ते मला माहीत नाही. कालपासून विचार करतोय, डोकं नुसतं जड झालंय. एवढंच वाटतं, तुम्ही दोघीच असाल तेव्हा तिला एकदा जवळ घेऊन विचार. मी लिहिलं हे कळू देऊ नकोस. ती आधी नाही म्हणेल, माझं सगळं ठीक आहे म्हणेल. लगेच विश्वास ठेवू नकोस, थोडी बसून राहा तिच्यापाशी. ती जे सांगेल ते ऐकून तू काय करशील, कुणास ठाऊक. पण हे एकट्याने माहीत असणं मला झेपत नाहीये, आणि सांगायला तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी नाही.

तुझाच म्हणायचा हक्क राहिला नाही, तरी हात तेच लिहू बघतोय,
चिंगीचा बाबा