उलटा पीळ

४ मार्च
आजही नन्नाचा पाढा! चौकातल्या फुलवाल्याकडे काम मागायला गेले, तर त्याने माझा हात बघितला आणि म्हणाला, डावखुरी का? गुच्छ बांधताना सगळ्यांचे देठ उजवीकडे वळतात, माझे डावीकडे. मी अर्धवट ठेवलेला गुच्छ दुसऱ्या कुणाला पुरा करता येत नाही म्हणे. ‘कळवतो’ म्हणाला. कळवतो म्हणजे नाही, एवढं आता मला कळतं.

घरी दादाचं नेहमीचंच – फुलं बांधायला कोर्स कशाला हवा, दोरा आवळला की झालं! वहिनीने त्याला गप्प केलं.

आई आज उठून बसलीच नाही. डॉक्टर दादाला बाहेर नेऊन काहीतरी बोलले. दादा आत आला आणि एकदम पंखा पुसायला लागला.

५ मार्च
सरावातून उरलेल्या फुलांचा लहानसा गुच्छ बांधून, पाण्याच्या पेल्यात घालून आईच्या उशाशी ठेवला. दुसरं काय येतं मला?

८ मार्च
आईने सूप मागून घेतलं! वर मीठ कमी आहे म्हणाली. गुच्छ अजून जसाच्या तसा.

९ मार्च
नोकरी!! हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत एक अरुंद दुकान आहे. दारावर पाटी – ‘डावखुरी मुलगी पाहिजे’. मला हसूच आलं. दुकानवाल्या बाईंनी प्रमाणपत्र बघितलंच नाही, फक्त माझा डावा हात हातात घेऊन बघितला. त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडलीत, मिटत नाहीत.

नियम एकच, म्हणाल्या. एकदा बांधलेलं सोडायचं नाही. वाकडं झालं तरी तसंच द्यायचं. मी हो म्हटलं. त्या मला उलटं टांगून घ्यायला म्हणाल्या असत्या तरी हो म्हटलं असतं.

१० मार्च
गिऱ्हाइकं सगळी समोरच्या हॉस्पिटलातली. एकजण नुसता सांगायला आला – फुलं अजून टवटवीत आहेत, आणि आजोबाही. मी हसले. बाई हसल्या नाहीत.

१२ मार्च
आज नियम मोडला. चष्मेवाले एक गृहस्थ आले, बायको समोर ॲडमिट आहे. पांढऱ्या फुलांचा गुच्छ बांधला, तर एक देठ तिरका बसला. कोर्समध्ये तीच फुलं दिवसभर सोडायची आणि पुन्हा बांधायची, हाताला तीच खोड. दोरा कधी कापला मलाच कळलं नाही. दुसऱ्यांदा मात्र झकास बसला. बाई आत होत्या.

१३ मार्च
ते गृहस्थ परत आले. पुष्पचक्र हवं होतं.

“कालच गेली,” म्हणाले. “मी फुलं घेऊन रस्ता ओलांडत होतो, तेव्हाच.”

ते गेल्यावर बाईंनी विचारलं, “सोडला होतास?”

मी मानेनेच हो म्हटलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“घरी कुणासाठी बांधलायस?”

“आईसाठी.”

“मग त्याला कुणाचा हात लागू देऊ नकोस.”

योगायोग! स्वतःला सारखं बजावत होते, तरी घरापर्यंत जवळजवळ पळतच आले. गुच्छ जागेवर होता. आई चहात साखर कमी म्हणून दादाशी भांडत होती. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

सांगणार कुणाला? दादा मलाच डॉक्टरकडे नेईल. वहिनीला एवढंच म्हटलं, आईच्या फुलांचं पाणी मीच बदलत जाईन. ‘बरं बाई’ म्हणाली. तिला लागलं बहुतेक.

१४ मार्च
आई भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेली. मी गुच्छाकडेच बघत राहिले. एक पाकळी गळलेली नाही. भीती वाटते.

१५ मार्च
कामावरून आले तर वहिनी खुशीत. “दमून येतेस, म्हणून पाणी आज मीच बदललं. देठ किती आवळलेले गं! दोरा कापला आणि पसरट भांड्यात मोकळी ठेवली. बघ तरी, किती छान दिसतात. आई मघापासून शांत झोपल्यात.”

भांडं समोर टेबलावर आहे. फुलं खरंच छान दिसतात. आईच्या खोलीचं दार लोटलेलं आहे. मी अजून आत गेलेले नाही.