गाऱ्हाणं मीच घालणार

आई, तुला सांगायचं ते कागदावरच सांगते, कारण माझ्या तोंडाचा सध्या भरवसा राहिलेला नाही. लिहिताना शब्द बऱ्यापैकी येतात. पेन उचलून खिडकीबाहेर बघत बसलं तरी कोणी मधे नाक खुपसत नाही. बोलताना मात्र उशी म्हणायला जाते आणि पेज म्हणते. डॉक्टरांना एकदा भटजी म्हटलं. वाक्य अर्ध्यावर येतं आणि पुढचं सगळं पुसून जातं. आमच्या पाळी गावच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक गेले की मागे लाल धूळ राहते ना, तसं काहीतरी डोक्यात भरतं. समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, पण माझ्या हाताला शब्द लागत नाही. आणि मी कोण, तर जिनं डिचोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी तोंडावर केली. एका कानात मराठी, दुसऱ्यात कोंकणी, मधेच कोणी म्हातारा पोर्तुगीजमध्ये शिव्या घालतोय, तरी मी कधी कोणाला चुकीची लाइन जोडून दिली नाही. किळस येते मला. गेलेल्या शब्दांची कमी, आणि ते शोधायला मदत करणाऱ्यांची जास्त.

तुझे जावई मागच्या पायरीवर घसरले तेव्हापासून हे सुरू झालं. खुब्याचं हाड मोडलं. मग इस्पितळ, तिथलं ते लोखंडी बाकडं, फिनेलचा वास, आणि भेटायला येणारी माणसं. माणसं कसली, केळी घेऊन चौकशीला आलेले पोलीस. "पडले कसे? पायरीवर शेवाळ होतं? तुम्ही कुठं होता?" रात्री झोप नाही, दिवसा जेवण नाही, आणि ह्यांचं कण्हणं ऐकून ऐकून माझ्या कानांना सुद्धा हाडं आहेत असं वाटायला लागलं होतं. अशात माझा पहिला शब्द घसरला आणि सगळ्यांना उत्साह आला. नणंदेनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "वैनी, तुझं तोंड वाकडं झालं नाही मगो?" मी म्हटलं, "वाकडं जन्मापासूनच आहे, तुझ्या भावाला विचार." हे मात्र सरळ आलं. राग आला की अजून सरळ येतं, एवढं सुख शिल्लक आहे. शेजारणीनं बदाम आणून दिले. भाच्यानं माझ्या मोबाइलवर स्मरणशक्तीचा खेळ घालून दिला, त्यात एक माकड टाळ्या वाजवतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं कधी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि आता म्हातारपणी माकडाच्या टाळ्या घ्यायच्या.

पण एक गोष्ट घडली ती हसण्यासारखी नव्हती. ऑपरेशनच्या सकाळी ह्यांना उपाशी ठेवायचं होतं. ते मला सांगितलंही होतं. पण पहाटे ह्यांनी चहा मागितला आणि मी कोणत्या तंद्रीत होते कोण जाणे, थर्मासमधला चहा ओतला, पावाचा उंडो मोडून त्यात बुडवला आणि भरवला. नर्स आली. "मावशी, ह्यांनी काही खाल्लं नाही ना?" मला खाल्लं म्हणायचं होतं. उंडो, चहा, दोन्ही डोळ्यांसमोर होते, मांडीवर चुरा पडलेला होता. आणि मी म्हटलं, "नाही." ऐकू आलं मला, माझ्याच आवाजात. ते परत घ्यायला तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. सुदैवानं हेच म्हणाले, "अगो, आत्ताच तर खाल्लं." ऑपरेशन पुढं ढकललं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन माणूस गुदमरतो असं नर्सनं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं, शब्द सुटे सुटे करून. मी मांडीवरचा चुरा वेचत राहिले. बोलण्यासारखं तोंड राहिलं नव्हतं.

त्यानंतर मुलगा बेंगळुरूहून आला आणि माझं बोलणं त्यानं ताब्यात घेतलं. मला काही विचारलं की तो उत्तर देणार. "आई, तू गप्प बस, मी सांगतो." मी वाक्य सुरू केलं की तो संपवणार, आणि संपवणार ते स्वतःच्या मनातलं. डॉक्टर तर माझ्याकडे बघायचेच बंद झाले. एकदा माझ्यादेखत त्याला इंग्रजीत म्हणाले की आई गोंधळलेल्या वाटतात, त्यांच्यावर औषधं सोपवणं बरं नव्हे. माझ्यादेखत, इंग्रजीत! त्या डॉक्टरच्या जन्माआधीपासून मी इंग्रजीत कविता पाठ म्हणते. मी बहिरी नाही असं ठणकावायचं होतं, तर तोंडातून निघालं, "लाइन रिकामी नाही." एक्स्चेंजचं वाक्य, कुठून वर आलं देव जाणे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या संध्याकाळी मुलानं मला मोबाइलवर पर्वरीच्या एका केंद्राचे फोटो दाखवले. तिथं म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतात. पांढऱ्या चादरी, भिंतीवर प्लॅस्टिकची वेल. ह्यांना इस्पितळातून सरळ तिथं न्यायचं, आणि मला त्याच्याकडे. "थोडे दिवस, आई." माझ्या नवऱ्याला घरी आणायचं की नाही हे ठरणार होतं, आणि ठरवणाऱ्यांत माझी गणती नव्हती.

तेव्हा तू आठवलीस. ती हळर्णची, आपल्या गावची सकाळ आठवली. बाबांना तापानं शुद्ध नव्हती, त्यांना म्हापशाच्या इस्पितळात नेलेलं होतं, आणि तू घरी आम्हा पोरांना घेऊन. मी सुटीत घरी आलेली, मावशीकडे राहून कॉन्व्हेंटात शिकणारी, वेण्या घट्ट आणि नाक वर. तू चहात मीठ घालत होतीस. मला गाईच्या नावानं हाक मारत होतीस. आजीला उठवायला सांगायचं तर म्हणालीस, गोण उठव. आम्ही हसलो. शेजारच्या बायका हसल्या नाहीत, त्यांनी डोळे बारीक केले. "हिका कायतरी लागला." दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर, गावाची राखण करणाऱ्या देवचाराच्या झाडाखाली नारळ, विडी, भाकरी ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. काका गाव गाजवणारे गाऱ्हाणेकरी, ते खांद्यावर पंचा टाकून तयार. आणि तू पुढं झालीस. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. म्हणालीस, "भावजी, गाराणा माझा. तुमी नुसता व्हय म्हणा."

मी अजून बघतेय. तू हात जोडून उभी आहेस. "देवा म्हाराजा," म्हणतेस आणि अडतेस. "ह्या... ह्या..." पुढं काही येत नाही. काका शब्द द्यायला तोंड उघडतात तर आजी त्यांच्या बरगडीत कोपर मारते. कारण गाऱ्हाणं चाललेलं असताना मधे कोणी बोलत नाही, कितीही वेळ जावो. तू खाली मातीकडे बघत उभी राहतेस. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण कॉन्व्हेंटमध्ये पाठांतराच्या स्पर्धेत मधे थांबलं की मार्क कापायचे. शेवटी तू म्हणतेस, "ह्या पोरांचो बापूस घराक हाड." बापाला घरी आण, एवढंच मागणं. आणि सगळे, ते काकासुद्धा, "व्हय म्हाराजा." त्या होकारावर तू श्वास घेतेस. मग पुढचं वाक्य. मग परत होकार, परत श्वास. गाऱ्हाणं संपेपर्यंत तुझा आवाज तुझा झालेला होता. बाबा बरे होऊन आले ते देवचारामुळे की इंजेक्शनामुळे, ह्यावर मला वाद घालायचा नाही. मी फक्त एवढं म्हणतेय की त्या बांधावर तुला कोणी घाई केली नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं, आणि ह्यांना सोडायच्या दिवशी डॉक्टर, मुलगा आणि मी, तिघं ह्यांच्या खाटेशी जमलो. मुलानं सुरुवात केली, "आईचं म्हणणं असं आहे की..." माझं म्हणणं! मी खाटेचा दांडा धरला. म्हटलं, "मी बोलणार. एका वेळी एक गोष्ट सांगेन. थांबले तर थांबू द्यायचं. शब्द कोणी हातात द्यायचा नाही. वाक्य झालं आणि पटलं, तर होय म्हणायचं."

मुलगा कसनुसा हसला. "आई, हे काय देवळातलं गाऱ्हाणं आहे?"

"होय. आणि गाऱ्हाणं मीच घालणार."

डॉक्टरनी घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, "ह्यांना माजघरात झोपवणार. जिना चढायचा नाही." पंखा तेवढा घरघरत होता. आणि खाटेवरून, कवळी काढलेल्या तोंडानं, आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आई, त्या माणसाच्या तोंडून चांगला शब्द काढायला मला इतकी वर्षं संसार करावा लागला.

"रक्त पातळ करायची गोळी रात्रीच्या जेवणानंतर. सकाळी नव्हे." "व्हय म्हाराजा." ह्या वेळी मुलगाही पुटपुटला. "संडासात धरायला दांडा बसवून घेतलाय." "व्हय म्हाराजा." मग चालायला शिकवायचं ते चार पायांचं, हातात धरायचं, त्याचं नाव गेलं. मुलाचे ओठ हलले. त्यानं ते दाताखाली धरले, पोर घाम पुसत होतं. मी खाली फरशीकडे बघत उभी राहिले. लाज वाटत होती आणि लाजेचा संतापही येत होता, पण कोणी काही म्हणत नव्हतं. डॉक्टरनी हातातला मोबाइल उलटा करून ठेवला. "वॉकर," मी म्हटलं. "वॉकर पाहिजे." डॉक्टर म्हणाले, "हो, बरोबर."

मग म्हटलं, "रात्री ह्यांना उठवायला मी उठणार." आणि खाट गप्प. मी परत म्हटलं. परत गप्प. गाऱ्हाण्याला माणसं गप्प राहत नाहीत, पण हे राहिले. छताकडे बघत. मग हळूच मुलाकडे बोट केलं. "रातची ती झोपतली. झील उठतलो."

इतका राग आला मला. स्वतःला उभं राहता येत नाही आणि माझं वाक्य दुरुस्त करताहेत. पण नियम मीच घातलेला होता, पटलं तर होय. शेवटी म्हटलं, "रात्री मुलगा उठणार." तेव्हा कुठं व्हय आलं, आणि मुलाचं तर सगळ्यात मोठ्यानं. डॉक्टरनी सोडायच्या कागदावर सही केली. वर मलाच औषध दिलं, झोप आणि जेवण. न झोपता, न जेवता, सतत काळजीत असलेल्या माणसाचं डोकं असं गढूळ होतं, म्हणाले, बहुतेक वेळा निवळतं. पण बहुतेक म्हणजे सगळ्या वेळा नव्हे, तेव्हा महिन्याभरानं तुम्हीही दाखवायला या. मला "तुम्ही" म्हणाले, नर्ससारखं "मावशी" नाही. तेवढं लक्षात ठेवलंय मी.

हे घरी आहेत. वॉकर घेऊन माजघरात ठक ठक करत फिरतात आणि माझ्या आमटीला नावं ठेवतात. मुलगा रजा वाढवून राहिला, रात्री तोच उठतो. मी झोपते. झोपेनं बराच फरक पडला, हे मान्य करताना सुद्धा तोंड कडू होतं. आता चुलीवर काही असलं की फोन घेत नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगते. शब्द गेला की तो येईपर्यंत हात वर करून समोरच्याला थोपवते, ट्रक थांबवतात तसं. नणंदेला हे जमत नाही, ती वाक्य पुरवतेच. परवा तिला म्हटलं, "तू पुरवलेलं वाक्य तूच घरी घेऊन जा." लोकांची तऱ्हाच अशी. अडखळणारं माणूस दिसलं की त्यांना वाटतं आत कोणी राहत नाही, आणि खुशाल घरात शिरतात.

गेल्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी बरंच काही विचारलं, वार कोणता, उलट आकडे म्हणा, घड्याळाचं चित्र काढून दाखवा. सगळं जमलं. मग म्हणाले, "तुमच्या आईचं नाव काय?" मी फाडकन म्हटलं, "माझ्या आईच्या नावाशी तुम्हाला काय करायचंय? ती काय तुमच्याकडे औषधाला आली होती?" डॉक्टर मोठ्यानं हसले. मुलगाही हसला. गाडीत बसताना बापाला फोन करून म्हणाला, "बाबा, आई ठीक आहे, डॉक्टरला झापलं तिनं." घरी सगळे खूष.

तू तर केव्हाच गेलीस, हे पत्र कुठं टाकणार, तेव्हा तुलाच सांगते. मी त्यांना झापलं नव्हतं. तुझं नाव येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बांगडे कापताना आलं, आपोआप, आणि मी ते मोठ्यानं म्हटलं. पण त्या खुर्चीत बसले होते तेव्हा ते नव्हतं, आणि हे मी अजून घरात कोणाला सांगितलेलं नाही.