घराच्या कागदावर काकूंचं नाव

सोम. ५ मार्च २००७, लेस्टर
टॅक्सचा फॉर्म आज पहिल्यांदा मी एकटीने पाठवला. घर दुसऱ्याच्या नावावर करायचं तर तो लागतोच. आधी मि. पी. (सॉलिसिटर, माझे बॉस) पेनने भरायचे, पोस्टाने जायचा, मग वाट बघा. आता ऑनलाइन. सबमिट दाबलं की सर्टिफिकेट लगेच प्रिंटरमधून. मि. पीं.ना टायपिंग येत नाही, मला लोकांशी बोलायला जमत नाही. जमतं आमचं.
फाइल जोशीकाकांची, आपल्या मंडळातले. घरावर काकूंचं नाव घालतायत. २१ला काकांची बायपास, त्याआधी व्हायला हवं म्हणतात.

बुध. ७
घरांची मालकी नोंदवणाऱ्या रजिस्ट्रीचं पाकीट भरताना दिसलं. डीडवर, म्हणजे घराच्या दस्तावर, कुसुम जोशी. सर्टिफिकेटवर माधवी जोशी.
पासपोर्टची फोटोकॉपी फाइलमध्येच होती. कुसुम. माधवी हे लग्नातलं नाव. मंडळात सगळे माधवीकाकू म्हणतात, मी पण. अनोळखी बाई असती तर पासपोर्ट बघून टाइप केलं असतं. ओळखते म्हणून चुकलं.
नावं जुळली नाहीत तर रजिस्ट्री सगळं परत पाठवणार. म्हणजे घर एकट्या काकांचंच. आणि २१ला काही झालं तर...
पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून घरी आले.

गुरु. ८
मि. पीं.ना सांगितलं. तोंडी नाही, चिठ्ठी लिहून टेबलावर. चहा पिता पिता वाचली. ओरडले नाहीत. म्हणाले, कागद असता तर कडेला लिहिलं असतं, हिला माधवीही म्हणतात. कॉम्प्युटरला कड नाही.
गेलेला फॉर्म परत येत नाही. एकतर टॅक्सवाल्यांना दुरुस्तीचं पत्र, नाहीतर डीड माधवी नावाने करून पुन्हा सह्या. "आस्क द लेडी. युवर लँग्वेज. फोन हर."
फोन. मी.

शुक्र. ९
काय बोलायचं ते आधी लिहून काढलं. काकांनी उचलला.
"अगं, माधवीच ठेव. पस्तीस वर्षं माधवी आहे ती. कुसुम कोण?" हसले.
मी बरं म्हणाले आणि ठेवला. कागदावर पहिलीच ओळ होती, काकूंना द्या. ती वाचायचीच राहिली.

सोम. १२
काकू बसने ऑफिसात आल्या, एकट्या. कोट काढला नाही.
"कुसुमच राहू दे."
काका तर माधवी म्हणाले, मी म्हटलं.
"लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं त्यांनी. मला दाखवलं. विचारलं नाही. राग नाही गं. पण घरावर तरी आईने ठेवलेलं..."
"काकांना काय सांगायचं?"
"बरे होऊन येऊ देत. मग काय भांडायचं ते भांडू."
जाताना टेबलावर चकलीचा डबा. मि. पीं.नी पाच खाल्ल्या.
दुरुस्तीचं पत्र मी टाइप केलं. पासपोर्ट शेजारी ठेवून, एकेक अक्षर बघत. टपालपेटीत पण मीच टाकलं.

बुध. २१
दुरुस्ती आली नाही. मि. पी. म्हणतात येईल तेव्हा येईल. काकांना सकाळीच आत नेलं, आईने सांगितलं.
दुपारी फोन वाजला. मि. पी. बाहेर. वाजतच राहिला, मग उचलला.
"हॅलो, कुसुम जोशी बोलतेय."
क्षणभर कळेचना कोण. मग मी म्हणाले, "हां, कुसुमकाकू."
"कागद आला का गं?"
"नाही अजून."
"इथेही अजून काही सांगत नाहीत."
लगेच फोन ठेवला नाही कुणीच.
पाचला परत फोन करते म्हणाल्या. पावणेपाच झालेत. फोन माझ्या बाजूला ओढून घेतलाय.